पन्नास टक्क्यांच्या उंबरठ्यावर क्विबेक

30 ऑक्टोबर 1995च्या रात्री कॅनडा फुटता फुटता वाचला. फ्रेंचभाषक क्विबेक प्रांताने वेगळे व्हावे का, यावर सुमारे 94 टक्के मतदारांनी मत नोंदवले. ‘नको’ 50.58 टक्के, ‘हो’ 49.42 टक्के! फरक जेमतेम 54 हजार मतांचा, आणि बाद मतपत्रिका 86 हजारांवर. 1980च्या सार्वमतात मात्र ‘नको’ला जवळजवळ 60 टक्के मते होती.

मतपत्रिकेवरचा प्रश्नही सरळ नव्हता. कॅनडापुढे नव्या आर्थिक-राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवून मग क्विबेकने सार्वभौम व्हावे, हे मान्य आहे का, असा तो लांबलचक मजकूर. घटस्फोट की वेगळी चूल, हे मतदाराने ज्याचे त्याने ठरवायचे!

उत्तरेकडच्या क्री आदिवासींनी आठवडाभर आधी स्वतःचे सार्वमत घेऊन, आम्हाला कॅनडातून बाहेर नेऊ नका, असे 96 टक्क्यांनी बजावले होते. देशातून प्रांत फुटू शकतो, तर प्रांतातून प्रदेश का नाही? फुटीरवाद्यांना हा प्रश्न अडचणीचाच होता.

पुढे 1998मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मध्यममार्ग काढला. क्विबेकला एकतर्फी फुटता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर उरलेल्या देशाला वाटाघाटींना बसावेच लागेल. स्पष्ट बहुमत म्हणजे नेमके किती? तो आकडा न्यायालयाने राजकारण्यांवर सोडला. अशा सार्वमतांबाबत कॅनडाच्या संसदेने 2000मध्ये केलेल्या कायद्यानेही तो सांगितलेला नाही.