गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं

नाशिककडील भाजीपाल्याच्या मालमोटारी कसारा घाट उतरून, ठाण्यावरून विक्रोळीच्या पूर्व द्रुतगती मार्गानें मुंबईंत शिरतात. विक्रोळीच्या गर्दींत क्लच वारंवार दाबावा लागतो व दडलेला दोष उघड होतो. येथेंच एकदां ‘गिअरबॉक्स गेला’ असें ऐकून आम्हीं तो उघडविला. दोष क्लचचा निघाला. खर्च झाला व टोमॅटो नासले. म्हणून शेतकरी बंधूंनीं पुढील परीक्षा ध्यानांत ठेवावी.

हातब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन चालूं करावें. क्लच दाबतांच घरघर थांबली, तर गिअरबॉक्समधील बेअरिंगचा संशय घ्यावा. दाबतांच सुरू झाली, तर क्लचच्या बेअरिंगचा. इंजिन बंद असतां गिअर सहज पडतो, पण चालूं असतां खरखरतो, तर बहुधा क्लच पुरता सुटत नाहीं. चढावर इंजिन जोरानें फिरूनहि गाडीस वेग येत नाहीं, तर क्लच-प्लेट घसरते.

गिअर आपोआप निसटत असल्यास प्रथम लिव्हरचे जोड व तेलाची पातळी पाहावी. तेलांत धातूचे तुकडे सांपडल्यास मात्र गाडी पुढें हांकूं नये; गिअरबॉक्स उघडावाच. पंचनाम्यावांचून निकाल देऊं नये, हा कचेरींतील नियम येथेंहि लागू आहे.