बक्षिसी कोणाची, वेतन कोणाचे?

उपाहारगृहातील बक्षिसी म्हणजे गिऱ्हाइकाची खुशी, असा आपला समज. अमेरिकेत मात्र ती वेतनाचाच भाग होऊन बसली आहे. १९६६ मध्ये तेथील किमान वेतनाचा कायदा उपाहारगृहांतील बऱ्याच कामगारांना लागू झाला खरा; पण त्याच वेळी बक्षिसी वेतनात धरण्याची मुभाही मालकांना मिळाली. परिणामी, संघराज्याच्या कायद्यानुसार मालकाने वाढप्याला पदरचे ताशी २.१३ डॉलर दिले की भागते. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही! किमान वेतनाच्या ७.२५ डॉलरपर्यंतची उरलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. ती न जमल्यास फरक मालकाने द्यावा, असे कायदा सांगतो; तो मागण्याचे धैर्य किती वाढप्यांना होत असेल? कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत नाकारली आहे, एवढेच.

फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थाच्या किमतीतच असतो. जपानमध्ये बक्षिसीची चालच नाही. आपल्याकडील सेवा आकार ना धड वेतन, ना धड बक्षिसी. तो बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. गिऱ्हाईक सुटले, वाढप्याचा पगार किती असावा, हा प्रश्न त्या निर्णयाच्या कक्षेबाहेरच राहिला.