पाटी कोणाची, परवाना कोणाचा?

पेस्ट कंट्रोलचा धंदा सुरू करायचं ठरलं की बुलढाणा जिल्ह्यातला तरुण पहिली चौकशी पाटीची करतो. मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घ्यावी, की स्वतःच्या नावाने उतरावं? प्रश्न रास्त आहे, पण तो तिसऱ्या नंबरचा आहे. आधी परवाना, मग गिऱ्हाईक, आणि मग पाटी. हा क्रम उलटा झाला की दोन-चार लाख फीमध्ये जातात आणि फवारणीचा पंप कोपऱ्यात पडून राहतो.

परवान्यापासून सुरुवात करू. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. दुसऱ्याच्या घरात, गोदामात किंवा हॉटेलात पैसे घेऊन कीटकनाशक वापरायचं असेल तर या नियमांप्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. कृषी सेवा केंद्राचा विक्री परवाना त्यासाठी चालत नाही. पात्रता म्हणून कृषी पदवी, किंवा रसायनशास्त्र हा विषय असलेली विज्ञान पदवी, आणि वर किमान १५ दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागितलं जातं. हे प्रशिक्षण हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था, म्हैसूरची सीएफटीआरआय आणि हापूडची धान्य साठवणूक संस्था अशा ठिकाणी मिळतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री होऊन घरी बसलेली मुलं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांना हे कळलेलं नसतं की या धंद्यातली सगळ्यात अवघड अट त्यांनी आधीच पूर्ण केली आहे.

फ्रँचायझी विकायला येणारा माणूस म्हणतो, 'परवान्याचं आम्ही बघतो.' त्याला तिथेच थांबवून विचारा: परवान्यावर नाव कोणाचं, पत्ता कुठला, आणि पात्रताधारक माणूस म्हणून कोणाची कागदपत्रं लागणार? परवाना कंपनीच्या नावावर असेल तर करार संपला त्या दिवशी तुम्ही पुन्हा शून्यावर. परवाना आणि पात्रता दोन्ही तुमचीच असतील तर मग कंपनी नेमकं काय देते आहे, हा हिशेब मांडायला तुम्ही मोकळे.

आता गिऱ्हाईक. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख, त्यात शहरात राहणारे जेमतेम पाचातला एक. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांवर बेतलेलं फ्रँचायझीचं गणित इथे तसंच्या तसं बसत नाही. शिवाय जिल्हा एक असला तरी बाजार दोन आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. करारात 'प्रदेश: बुलढाणा जिल्हा' एवढंच लिहून मिळालं तर ऐकायला भारी वाटतं. पण चिखलीत बसून संग्रामपूरची तक्रार निस्तरायची म्हणजे घाट उतरा, काम करा, घाट चढा, आणि दिवस संपला. त्या फेरीचं पेट्रोल कंपनी देत नाही.

घरगुती कामात झुरळांचं जेल आणि वाळवी, म्हणजे आपल्याकडची उधई, ही दोन मोठी. जेलचं काम सोपं असतं, पण पैसा कुठे मुरतो ते त्यातच नीट दिसतं. समजा, एका घराचे ९०० रुपये ठरले. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. स्वतंत्र माणसाचे ९०० हे ९०० च राहतात. फ्रँचायझीच्या करारात मात्र पहिल्या दिवसापासून जीएसटी बिलाची अट सहसा असते, आणि पेस्ट कंट्रोलवर कर आहे १८ टक्के. गिऱ्हाईक ९०० च्या वर एक रुपया देणार नसेल, आणि आपल्याकडे तो देत नाही, तर त्यातले १३७ रुपये कराचे. उरलेल्या ७६३ वर १० टक्के रॉयल्टी धरली तर आणखी ७६ गेले. हातात ६८७ च्या आसपास. महिन्याला अशी ६० कामं धरली तर फरक पावणेतेरा हजारांचा होतो. नोंदणी असलेल्याला औषधावर भरलेल्या कराची वजावट मिळते, तेवढा तो कमी करा. तरी मोठा भाग उरतोच. रॉयल्टीचा टक्का सगळे विचारतात, कराचं कोणी विचारत नाही, आणि या हिशेबात जास्त पैसा करानेच नेला.

म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न एकच: गेल्या वर्षी या जिल्ह्याच्या पिनकोडवरून तुमच्याकडे किती चौकशा आल्या, त्या महिनावार दाखवा. 'ब्रँडला मागणी आहे' हे उत्तर नव्हे.

ब्रँड उपयोगी पडतो ती जागा वेगळी आहे. राष्ट्रीय बँकांच्या शाखा, मोबाइल कंपन्यांची दुकानं, साखळी मॉल यांचे वार्षिक ठेके मुंबई-नागपूरच्या कार्यालयातून सुटतात. तिथे स्थानिक पोराचं कोटेशन टेबलापर्यंत पोचत नाही. कंपनीचं पोचतं, आणि खामगावच्या शाखेतलं काम तिच्या फ्रँचायझीकडे येतं. असे चालू ठेके जिल्ह्यात आहेत आणि ते तुमच्याकडेच येतील, हे करारात लिहून मिळत असेल तर फ्रँचायझीचा विचार जरूर करा. स्थानिक हॉटेलं आणि डाळमिलचं तसं नाही. अन्न सुरक्षा नियमांत कीड नियंत्रण आणि त्याच्या नोंदी ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. त्यांना परवाना असलेला माणूस, तारीखवार रजिस्टर आणि वेळेवर येणं एवढंच हवं असतं. शेगावच्या लॉजवाल्याला प्रकटदिनाच्या गर्दीआधी ढेकूण गेलेले हवेत. ढेकणांची अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, त्यामुळे पंधरवड्यात दुसरी फेरी करावीच लागते. ती फेरी न चुकवणारा माणूस तिथे टिकतो.

या जिल्ह्याची खरी ताकद मात्र गोदामांत आहे. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये उभी केलेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था गोदामातल्या शेतमालाच्या तारणावर कर्ज देण्यासाठी ओळखली जाते. त्याखेरीज बाजार समित्या आहेत, वखार महामंडळ आहे, देऊळगावराजा भागातल्या बियाणे कंपन्या आहेत. सहा महिने थप्पीला लागलेल्या हरभऱ्याला, तुरीला भुंगेरा लागला तर तारणाची किंमतच खाली येते. म्हणून माल ठेवणारा धुरीसाठी पैसे मोजतो.

धुरी देताना पोत्यांच्या थप्पीवर गॅस न सोडणारी ताडपत्री चढवतात, तिच्या कडा जमिनीलगत वाळूने भरलेल्या लांब पिशव्यांनी दाबतात आणि आत ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात. ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने फुटून १ ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. थप्पी आठवडाभर बंद राहावी लागते. एखाद्या कडेतून गॅस गळला तर वरचे भुंगेरे मरतात, दाण्यातली अळी वाचते, आणि महिन्याभराने मालक फोनवर ओरडतो. अर्धवट डोसातून वाचलेल्या किडीच्या पुढच्या पिढ्यांवर औषध चालेनासं होतं, हे त्याहून वाईट. हा वायू माणसालाही तितकाच जीवघेणा आहे. म्हणूनच ही गोळी खुल्या विक्रीला नाही. ती सरकारी यंत्रणांना, आणि केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी ज्यांचं कौशल्य मान्य केलं आहे अशा पेस्ट कंट्रोलवाल्यांनाच द्यायची असते. ही मान्यता साध्या परवान्याच्या वरची पायरी आहे. मिळवायला वेळ लागतो, पण एकदा मिळाली की तिचं वजन कुठल्याही पाटीपेक्षा जास्त. एक लक्षात ठेवा: शेतमालाच्या गोदामातल्या धुरीला पूर्वी जीएसटी माफ होता, ती सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. कोटेशन देताना जुनी बिलं समोर ठेवू नका.

स्वतंत्र माणसाची लंगडी बाजू शिकण्याची. कंपनी निदान नवं औषध, नवा नियम कळवते. एकट्याला तो स्वतः शोधावा लागतो. ढेकूण-झुरळांवर वर्षानुवर्षं मारलं जाणारं डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. तरी 'ते जुनं जहाल औषध मारा' म्हणणारं गिऱ्हाईक भेटतं, आणि त्याला नाही म्हणायचं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले. हातमोजे आणि मास्क हा विषय त्यानंतर तरी विदर्भात थट्टेचा राहायला नको.

आता करारनामा. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही; सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. त्याच्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यापासून रोखणारी अट सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरते. त्यामुळे करार संपल्यावर 'तीन वर्षं जिल्ह्यात पेस्ट कंट्रोल करायचं नाही' ही ओळ कोर्टात टिकणं अवघड. करार चालू असतानाची बंदी मात्र चालते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसंच धरलं. पण कायदा बाजूने असला तरी लवादाची जागा मुंबई किंवा दिल्ली लिहिलेली असेल तर तारखांना जाणार कोण?

त्याहून नाजूक कलम वाळवीच्या हमीचं. बांधलेल्या घरात भिंतीलगत सुमारे ३० सेंटीमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात आणि काही वर्षांची हमी लिहून देतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, औषधाचा थर तुटतो, उधई परत येते. तिसऱ्या वर्षी फ्रँचायझी सुटली असेल तर पुन्हा फुकट ड्रिल मारायचं कोणी? करारात याचं उत्तर नसेल तर घरमालक कंपनीच्या मुंबईच्या नंबरवर फोन लावत बसणार नाही, तुमच्या दारात येईल. गिऱ्हाईकांची यादी आणि फोन नंबर कोणाच्या मालकीचे, हेही तिथेच लिहून घ्यावं.

भांडवलाचं थोडक्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. उद्यम नोंदणी मोफत आहे. पंप, ड्रिल, जेलची गन आणि दुचाकी यांवर घरगुती काम सुरू होतं. मोठा खर्च धुरीच्या ताडपत्र्या, गॅस मोजणारं यंत्र आणि श्वसनाचे मास्क यांचा आहे, आणि त्यात काटकसर करू नये.

माझं मत विचाराल तर पदवी आणि ओळखीपाळखी दोन्ही असलेल्या इथल्या मुलाने स्वतःच्या नावाचा परवाना काढून दोन हंगाम एकट्याने काम करावं, धुरीच्या मान्यतेच्या मागे लागावं, आणि फ्रँचायझीवाल्याशी बोलायचंच तर त्यानंतर बोलावं. तोवर तुमच्याकडे गिऱ्हाईक असतं आणि अटी तुम्हीही घालू शकता. आणि कधीही बोललात तरी कोऱ्या करारनाम्याची प्रत आठ दिवस घरी मागून घ्या, वकिलाला दाखवा. प्रत द्यायला जो तयार नाही, त्याला फीचा चेक देऊ नका.