दारू सोडायची आहे? एकट्याने नको



मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर आपण मोकळेपणाने बोलतो. दारूचा विषय निघाला की मात्र "आपल्यात तसले कोणी नाही" म्हणून गप्प बसतो. आहेत. मी त्यातलाच एक. इथे ब्रॅकनेलमध्ये आपली घरे बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे लपवणे सोपे जाते आणि मदत मागणे जड.

एका शुक्रवारी किद्दूशचा प्याला उचलताना माझा हात इतका थरथरला की पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाईन सांडली. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त खालून प्याला धरला. त्या रात्री मी पहिल्यांदा हिशोब केला.

हिशोब कसा करायचा?

इथली आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सांगते की स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला 14 युनिटपेक्षा जास्त नियमित घेऊ नये. व्हिस्कीचा 25 मिलीचा छोटा पेग म्हणजे 1 युनिट. वाईनची अख्खी बाटली सुमारे 10 युनिट. घरी हाताने ओतलेला पेग बहुधा त्याहून मोठा असतो. मी रोज 70 सेंटीलिटरची अर्धी बाटली व्हिस्की घेत होतो. म्हणजे 14 युनिट, आठवड्याची मर्यादा एका रात्रीत.

एकदम बंद करू नका

ही सर्वांत महत्त्वाची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल, तर आपल्या मनाने एकदम दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी जीपीकडे जा. कौन्सिलच्या भागातील दारू व नशामुक्ती सेवाही मोफत असते. डॉक्टर गरजेप्रमाणे काही दिवस औषध देऊन दारू उतरवतात, बी-1 जीवनसत्त्वही देतात. फिट आली किंवा भास होऊ लागले तर 999.

गट कसा शोधायचा?

शरीरातून दारू गेली तरी डोक्यातून जात नाही. त्यासाठी गट. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, 1935 साली अमेरिकेत सुरू झाले. ब्रिटनमध्ये 1947 पासून आहे. मोफत फोन 0800 9177 650. फोनवरचा माणूस स्वतः दारूतून बाहेर आलेला असतो. तुमचा पोस्टकोड सांगितला की जवळची सभा, वार आणि वेळ कळते.

मला फोन करायला तीन आठवडे लागले. दाराशी जाऊन एकदा परतही आलो, कारण सभा चर्चच्या हॉलमध्ये होती आणि भिंतीवर क्रूस होता. मी बेने इस्रायली माणूस, इथे काय करतोय? नंतर कळले की तो हॉल फक्त भाड्याने घेतलेला असतो. एए कुठल्याही धर्माची नाही. त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचे नाव येते, पण ज्याला जसा समजला तसा देव. मी माझ्याच देवाला धरून बसलो, कोणी हरकत घेतली नाही. देवाचा विषयच नको असेल त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी नावाचे वेगळे गट आहेत.

आत काय होते?

चहा, बिस्किटे, गोल मांडलेल्या खुर्च्या. फी नाही. शेवटी डबा फिरतो, टाकायचे असेल तर टाका. फक्त पहिले नाव सांगायचे, तेही इच्छा असेल तर. एक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे मध्ये बोलत नाहीत. पहिल्या चार सभांत मी तोंड उघडले नाही. 'ओपन' सभेला घरचेही येऊ शकतात. 'क्लोज्ड' सभा दारू सोडू पाहणाऱ्यांसाठीच असते. एक गट नाही जमला तर दुसरा पाहा.

आणि किद्दूश?

ही माझी मोठी अडचण होती. उत्तर आपल्याच घरात होते. कोकणात आपल्या आज्या काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करत आणि त्यावरच किद्दूश होई. आमच्याकडे आता तेच असते, पेसाहच्या चार प्याल्यांनाही. द्राक्षाचा कोशर रसही चालतो.

घरच्यांसाठी

पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी थांबू नये. त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, फोन 0800 0086 811. माझी बायको माझ्याआधी तिथे गेली. बाटल्या मोजणे आणि माझ्या ऑफिसात खोटी कारणे सांगणे तिने बंद केले, तेव्हा मला जाग आली. भारतातल्या नातेवाइकांसाठी सांगतो, एए तिथे 1957 पासून आहे, मुंबईत मराठी सभाही होतात. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून हेच काम करते.

मला आता दोन वर्षे चार महिने झाले. मधे एकदा घसरलो, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसलो. कोणी रागावले नाही, चहा दिला.

एएच्या रीतीप्रमाणे इथे नाव देत नाही. ब्रॅकनेल परिसरातल्या कोणाला पहिल्यांदा सभेला जायचे असेल आणि एकटे जायचा धीर होत नसेल, तर संपादकांकडे निरोप ठेवा. मी दाराशी उभा राहीन.