पगारातील कपात आणि कायद्याची मर्यादा

ठरलेल्या वेतनातून मालकाने वळती करून घेतलेली रक्कम म्हणजे कपात. ती कोणत्या कारणांसाठी करता येते, याची यादी १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने आखून दिली आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तीच चौकट बव्हंशी कायम ठेवली. यादीबाहेरची कपात बेकायदा ठरते. भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकर, उचल घेतलेल्या रकमेची परतफेड ही कारणे परिचयाची असल्यामुळे त्यांवरून वाद क्वचितच होतात. खरा अन्याय होतो तो दंड आणि नुकसानभरपाई यांच्या नावाखाली. दंड केवळ आधी जाहीर केलेल्या चुकांसाठीच, कामगाराला आपली बाजू मांडू दिल्यानंतरच आणि त्या वेतनकाळातील वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच आकारता येतो, म्हणजे १५,००० रुपये मासिक वेतनावर एका महिन्यात फार तर ४५० रुपये. शिवाय ती रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्या हितासाठीच खर्च व्हावी लागते, ही तरतूद विशेष मोलाची आहे. नुकसानभरपाईसाठी नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झाले असले पाहिजे आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये, त्यामुळे झिजलेला साचा आपोआप तुटला तर त्याची किंमत कामगाराकडून वसूल करणे या नियमात बसत नाही. संहितेनुसार सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाहीत, आणि गैर कपातीविरुद्ध तीन वर्षांच्या आत दाद मागता येते.