माग आणि मोटार

विणकर म्हणजे मागाच्या खड्ड्यांत जन्म घालविणारा, अशी माझी समजूत होती. अ‍ॅनी आल्बर्सबाईंचें चरित्र वाचून ती मीं सोडली. बर्लिनला १८९९ सालीं जन्मलेल्या या बाई बाउहाउस नामक जर्मन कलाशाळेंत विणकाम शिकल्या आणि १९३३ सालीं पतीसह अमेरिकेस जाऊन ब्लॅक मौंटन कॉलेजांत तेंच शिकवूं लागल्या. पायांस आनुवंशिक व्याधि. तरी १९३५ सालीं त्या मोटारीनें मेक्सिकोस निघाल्या, आणि पुढें त्या देशाच्या दहांहून अधिक वाऱ्या त्यांनीं केल्या! आम्ही शिक्षक सुटींत पुस्तक मिटतों. बाईंची सुटी मागावर उतरे.

तेथील मोंते आल्बानचे प्राचीन चौथरे व पायऱ्या पाहून आल्यावर १९३६ सालीं त्यांनीं त्याच नांवाचा पट विणला. ताण्याबाण्याखेरीज एक जादा आडवा धागा त्यांत घातला आहे. तो कापडावर कोठें तरंगतो, कोठें बुडतो, आणि पायऱ्यांची रेघ उमटते. ही रेघ वरून काढलेली नव्हे. विणतांनाच, ओळीमागून ओळ, ती साधावी लागते. रस्त्यावर क्षणांत दिसलेलें मागावर इतक्या सावकाश येतें.

पुढें पेरूपर्यंतही त्या गेल्या. विणकामावरील १९६५ सालचा आपला ग्रंथ त्यांनीं प्राचीन पेरूच्या विणकरांस, आपले थोर गुरु म्हणून, अर्पण केला.