मुंबईला माल विकायला जाताना पोटाचा हिशेब

मागच्या भागात आपण मालाचं पॅकिंग आणि लेबल यावर बोललो. आज बोलायचं आहे ते आपण कधीच वहीत लिहीत नाही त्या खर्चावर. मोठ्या शहरात आठ-दहा दिवस राहायचं, तर खायचं काय आणि त्याला पैसे किती लागतात?

आपल्या नागभीड तालुक्यातल्या गटांना आता बाहेरगावच्या प्रदर्शनांची सवय होते आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस भरतं, तिथे राज्यभरातल्या बाया येतात. आपल्याकडून तांदूळ, मोहफुलांचे लाडू, जवसाची चटणी जाते. एचएमटी तांदूळ म्हटलं की गिऱ्हाईक थांबतंच. हे वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे, हे सांगितलं की आणखी दोन किलो जातो.

पण पहिल्यांदा मुंबईला माल घेऊन गेलो तेव्हा आम्ही जेवणाच्या हिशेबात सपशेल चुकलो. चूक आमचीच होती, म्हणून ती आधी सांगतो.

आम्ही चौघी होतो आणि बारा दिवस राहायचं होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "एका बाईला दिवसाचे 200 रुपये पुष्कळ झाले." नागभीडच्या बाजारातल्या भावाने विचार केला, तर खरंच पुष्कळ होते. 9,600 रुपये घेऊन निघालो. तिथे गेल्यावर एका बाईचा एका दिवसाचा खर्च असा झाला: सकाळचा चहा-नाश्ता 60, पाण्याच्या दोन बाटल्या 40, दुपारची थाळी 140, संध्याकाळचा चहा आणि वडापाव 40, रात्रीचं जेवण 100. म्हणजे 380 रुपये. चौघींचे रोजचे 1,520. सहा दिवसांत 9,120 रुपये गेले आणि सातव्या दिवशी सकाळी हातात 480 उरले.

मग गल्ल्यातून घ्यायला लागलो. गल्ल्यातला पैसा सगळ्या गटाचा, त्याला हात लावताना जीव कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. आमच्यातली एक ताई काही न बोलता दुपारचं जेवायचीच बंद झाली. विचारलं की म्हणायची, "भूक नाही." नवव्या दिवशी भर गर्दीत ती स्टॉलवरच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, अर्धा दिवस स्टॉल बंद राहिला. दोन दुपारच्या थाळ्यांचे 280 रुपये तिने वाचवले होते. त्या दिवशीची बुडालेली विक्री आणि दवाखान्याचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं. नंतर ती म्हणाली, "गटाचा पैसा मी खाऊन कसा टाकू?"

तायांनो, घरी आपण सगळ्यांच्या शेवटी जेवतो आणि पैसे कमी पडले की पहिली काटछाट स्वतःच्या ताटात करतो. तीच सवय आपण मुंबईला नेली होती. म्हणून दुसऱ्या वर्षी जेवणाचा खर्च आधी ठरवला, ग्रामसंघाच्या बैठकीत मांडला आणि इतिवृत्तात लिहून घेतला. एकदा लिहिलं की खाताना कुणाला अपराधी वाटत नाही. तो खर्च असा बसवला.

पहिलं काम, निघण्याआधी विचारून घ्या. राहण्याची सोय कुठे आहे? जेवण मिळणार आहे का, किती वेळचं? खोलीत शेगडी चालते का? प्यायचं पाणी कुठे भरता येतं? बोलावणाऱ्या कार्यालयाकडून हे लेखी किंवा मोबाईलवर मेसेज करून घ्या.

दुसरं, शिदोरी. नागभीडहून नागपूर एसटीने, तिथून संध्याकाळच्या गाडीने बसलं तर सकाळी मुंबई. एवढ्या प्रवासाला पोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि सुकी आलूची भाजी पुरते. भाजी पहिल्या रात्रीच संपवा, नासते. टिकणाऱ्या वस्तू वेगळ्या बांधा: मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, सातूचं पीठ, जवसाची चटणी. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की सकाळची न्याहारी होते. चौघींच्या बारा दिवसांच्या या सामानाला आम्हाला 1,200 रुपये लागले. येताना गाडीत उरलेला चिवडा आणि लाडू खाल्ले. घाईत शिदोरी राहिलीच, तर 2023 पासून बऱ्याच मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्यासमोर रेल्वेचं 20 रुपयांचं पुरी-भाजीचं पाकीट मिळतं, ते विचारा.

तिसरं, जेवायचं कुठे. एक गोष्ट आम्ही शिकलो. जिथे बाहेरगावचा माणूस एकदाच येतो तिथे भाव चढा असतो. जिथे तोच माणूस रोज जेवतो तिथे भाव रास्त आणि अन्न ताजं. म्हणून ऑफिसांच्या काचेच्या इमारतींखाली शोधू नका. रिक्षावाले, हमाल, चौकीदार दुपारी कुठे जेवतात ते पाहा. तिथे "राइस प्लेट" मागा. रात्रीसाठी पोळी-भाजी केंद्र शोधा. मुंबईत ही केंद्रं पुष्कळ आहेत आणि बरीचशी बायाच चालवतात. पोळ्या नगावर मिळतात, भाजी वाटीवर, चौघींत वाटून घेता येते. राज्य सरकारची 10 रुपयांची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दुपारी मिळते, पण थाळ्यांची संख्या ठरलेली असते. जवळपास केंद्र चालू आहे का ते आधी विचारा, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

मुंबईत बायांच्या हातच्या जेवणाला जुना इतिहास आहे. गिरण्यांमध्ये कामाला आलेले कामगार गिरणगावातल्या बायांच्या खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवायचे. या खानावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेच्या कर्जाकडे जाण्याची वाट त्या बायांनी धरली. आपले गट आज तेच करतात.

चौथं, बिल वाचा. कार्डावर थाळी 140 लिहिली असेल आणि हॉटेल जीएसटी लावत असेल, तर साधारण 5 टक्के वाढून 147 होतात. "सर्व्हिस चार्ज" असं लिहिलेलं दिसलं तर तो देणं आपल्या मर्जीवर आहे. काढायला सांगू शकता, लाजू नका. दुकानात पाण्याची बाटली छापील किमतीलाच मिळाली पाहिजे. हॉटेलात बसून घेतली तर ते जास्त घेऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली तसा निकाल दिला आहे. म्हणून बाटली बाहेरून घ्या किंवा घरून आणलेली भरून घ्या.

हे फक्त मुंबईचं नाही. आपल्या लेकी-भाच्या आता परदेशातही शिकायला जातात, त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. इटलीत तीच कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी महाग. रोममध्ये रस्त्यावर नळ वाहतात, ते पाणी पिण्याचं असतं. पॅरिसच्या हॉटेलात जेवताना नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर तिचे पैसे लागत नाहीत. जो विचारतो त्याचे पैसे वाचतात.

आता दुसऱ्या वर्षीचा हिशेब, एका बाईचा एका दिवसाचा: न्याहारी शिदोरीतली, दोन चहा 30, पाणी 10, दुपारची राइस प्लेट 140, संध्याकाळी केळी 20, रात्री पोळी-भाजी 60. झाले 260. चौघींचे 1,040 आणि बारा दिवसांचे 12,480. त्यावर अडीअडचणीला 1,250 वेगळ्या पाकिटात. शिदोरीचे 1,200 धरून एकूण 14,930 रुपये. पहिल्या वर्षीच्या चालीने बारा दिवसांना 18,240 लागले असते. वाचले 3,310, आणि कुणीही उपाशी राहिलं नाही. बघा, दुपारच्या थाळीला आम्ही हात लावला नाही. कापलं ते पाणी, नाश्ता आणि रात्रीचं हॉटेल.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जेवणाचा खर्च मालाच्या किमतीत धरा. समजा दहा क्विंटल तांदूळ नेला, म्हणजे 1,000 किलो. 14,930 भागिले 1,000 केलं तर किलोमागे जवळपास 15 रुपये येतात. हे 15 रुपये किमतीत धरले नाहीत तर ते तुमच्या नफ्यातून जातात, आणि मग कुणीतरी ताई जेवण सोडून ते भरून काढते. विक्रीचा लाडू खाल्ला तर तोही वहीत लिहा, नाहीतर परत आल्यावर माल आणि पैसा जुळत नाही.

या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. वहीच्या एका पानावर पाच रकाने पाडा: तारीख, काय खाल्लं, किती जणी, किती पैसे, कुणी दिले. पैसे एकीकडे ठेवा आणि वही दुसरीकडे. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं बसून दोन्ही जुळवा. आणि जुळवताना "जेवलीस का?" हेही एकमेकींना विचारा. आमची ती ताई यंदा पुन्हा येते आहे. जेवणाची वही या वेळी तिच्याकडेच दिली आहे.